मद्यासक्ती : ओळख आणि उपचार

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मदतीची गरज आहे. प्रत्यक्षात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींमागे एकीलाच काही उपचार मिळाल्याचे आढळले.

असे रुग्ण डॉक्टरांकडे येतात ते बहुधा निद्रानाश, पोटदुखी, उच्च रक्तदाब किंवा अपघातातील दुखापत यांसाठी. म्हणून नेहमीच्या तपासणीतच मद्यपानाची चौकशी होणे आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीत ४० पैकी ८ किंवा अधिक गुण मिळाल्यास मद्यपान घातक पातळीवर असण्याची शक्यता असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार, ११ लक्षणांपैकी किमान दोन एका वर्षाच्या काळात आढळल्यास मद्यासक्तीचे निदान होते. सहा किंवा अधिक लक्षणे असल्यास ती तीव्र समजली जाते.

दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या बाबतीतही हा धोका असतो. सहसा पहिल्या दिवशी हात थरथरणे, घाम व अस्वस्थता जाणवते. ४८ तासांच्या आत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत तीव्र भ्रम, भास आणि ताप उद्भवल्यास ती आणीबाणीची स्थिती होय. अशा वेळी डॉक्टर बेंझोडायझेपिन गटातील औषधे देऊन मात्रा क्रमाने कमी करतात. मेंदूला इजा होऊ नये म्हणून थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही दिले जाते; ते ग्लुकोजच्या आधी किंवा त्यासोबत देण्याची दक्षता घेतात.

ही अवस्था ओसरणे म्हणजे उपचारांचा केवळ आरंभ. पुन्हा पिण्याकडे वळू नये यासाठी समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग आणि नाल्ट्रेक्झोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे उपयोगी पडतात. डायसल्फिराम घेतलेल्याने दारू प्यायल्यास शरीरावर गंभीर परिणाम होतात. त्यामुळे ते रुग्णाच्या नकळत अन्नात मिसळणे धोक्याचे आहे. ते त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते.

व्यसनमुक्तीविषयक मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. झटके किंवा भ्रमाची लक्षणे दिसल्यास मात्र रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.