आडनाव अफलातून, पत्ता तुरुंग

आपण सहज ‘अफलातून!’ म्हणतो ना, ते मुळात प्लेटोचं अरबी-फारसी नाव. इजिप्तमध्ये हेच आडनाव असलेली एक चित्रकार होऊन गेली. इंजी एफलातून. जन्म १९२४, कैरो.

घर जमीनदारांचं. घरात फ्रेंच, शाळेत फ्रेंच. स्वतःच्या देशाची अरबी तिला मोठेपणी नेटाने शिकावी लागली. चित्रकलेची शिकवणी घ्यायला कामिल अल-तिल्मिसानी यायचे. ते तिथल्या बंडखोर अतिवास्तववादी गटातले, त्यामुळे फुलदाण्या-फळं काढण्यात ही पोरगी रमलीच नाही. पुढे कम्युनिस्ट झाली. बायकांच्या हक्कांवर पुस्तकं लिहिली, १९४८ च्या पुस्तकाला प्रस्तावना खुद्द ताहा हुसेन यांची. मतदानाच्या हक्कासाठी भांडली आणि १९५६ मध्ये नासरच्या राज्यघटनेने तो हक्क दिलाही.

आणि तीनच वर्षांनी त्याच नासरच्या सरकारने तिला आत टाकलं.

कम्युनिस्टांची धरपकड चालू होती. ही शेतकरी बाईचा वेश करून काही महिने लपली, पण १९५९ मध्ये सापडली. मुक्काम अल-कनातिर, बायकांचा तुरुंग, चार वर्षांहून जास्त. मला इथे थांबावंसं वाटतं. कारण आपल्याकडे नासर म्हणजे नेहरूंचे दोस्त, बांडुंग, सुएझ, अलिप्ततावाद. मीही त्यांना तसंच ओळखत आलो. १९६१ मध्ये बेलग्रेडला नेहरू, टिटो, नासर एकत्र बसले होते, तेव्हा ही बाई गजाआड होती. फोटोत हे येत नाही.

तुरुंगात सुरुवातीला तिने माणसं काढली. एकावर एक खाटांवर दाटीवाटीने पडलेल्या बायका. चोरी, खून, वेश्याव्यवसाय अशा गुन्ह्यांतल्या, बहुतेक गरीब. ही जमीनदाराची लेक त्यांच्यातच राहत होती, तेव्हा चेहऱ्यांत दया दाखवल्याचा आव नाही. मग हळूहळू नजर भिंतीपलीकडे गेली. एक झाड. नाईलवरून जाणाऱ्या होड्यांची शिडं. तेच झाड ती पुन्हा पुन्हा काढत राहिली. दुसरं होतंच काय बघायला?

१९६३ मध्ये सुटली. गंमत म्हणा किंवा काही म्हणा, नासरला ती नंतरही देशभक्तच म्हणायची. हे मला अजून नीट पचत नाही. माझ्या बाबतीत झालं असतं तर मी जन्मभर शिव्या घातल्या असत्या.

सुटल्यावर चित्रं बदलली. शेतं, संत्री तोडणाऱ्या बायका, खजुराची झाडं. ब्रशचे फटकारे तुटक, सुटे सुटे, आणि मधला कॅनव्हास तसाच कोरा सोडलेला. त्या पांढऱ्याला ती प्रकाश म्हणायची. १९८९ मध्ये गेली. आठवणींचं पुस्तक त्यानंतर आलं.

इंटरनेटवर तिची तुरुंगातली आणि नंतरची चित्रं शेजारी शेजारी लावून बघा. आधीच्या चित्रांत पांढरी जागा शोधा.