३१ जुलै १७१५ : वादळाने गिळलेला स्पेनचा ताफा
फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याने जाताना १५१३ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी पॉन्से द लिऑनची जहाजे वारा पाठीशी असूनही जोरदार सागरी प्रवाहामुळे मागे रेटली गेली. तोच प्रवाह पुढे अमेरिकेतली सोने-चांदी स्पेनला नेणाऱ्या ताफ्यांचा हमरस्ता झाला. वादळांच्या हंगामात मात्र ही वाट जीवघेणी. २४ जुलै १७१५ रोजी हवानाहून निघालेल्या १२ जहाजांपैकी ११ जहाजांचा ३१ जुलैच्या पहाटे चक्रीवादळात चुराडा झाला. खजिन्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. पण हजाराहून अधिक माणसे बुडाली, हे आधी सांगायला हवे. वाचलेल्यांनी वाळूतच तळ ठोकला. पाणबुड्यांनी वर काढलेली चांदी काही महिन्यांतच समुद्री चाचा हेन्री जेनिंग्जने त्या तळावरून लुटली. मोठ्या वादळानंतर तिथल्या पुळणीवर काळवंडलेली चांदीची नाणी अजूनही सापडतात.