आधी नेम, मग चाप
१९५९ साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आयआयटी उभी राहिली. १९७३ मध्ये तिथे जर्मनांनीच दिलेला आयबीएम ३७०/१५५ संगणक आला. विद्यार्थी प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका कार्डावर छिद्रं पाडून लिहीत. गठ्ठा द्यायचा आणि वाट पाहायची. एक छिद्र चुकलं, की दुरुस्ती करून पुन्हा रांगेत!

आम्हा फौजींना सरावाला गोळ्या मोजून मिळत. म्हणून आधी नेम, मग चाप. तीच ही शिस्त.

इथूनच १९७९ ला एम.टेक. झालेले क्रिस गोपालकृष्णन १९८१ साली आपल्या पुण्यात इन्फोसिसच्या सात संस्थापकांपैकी एक झाले. मुलांनो, ‘रन’ दाबण्याआधी आपला प्रोग्रॅम एकदा स्वतः वाचा. जय हिंद.