धुकं नुसतं धुकं नसतं तेव्हा

उपमा आणि रूपक यांच्या व्याख्या आपण शाळेत पाठ केल्या, पेपरात दोन मार्क मिळवले आणि विषय संपला. पण रूपक कळलं नाही तर अख्खं पुस्तक हातातून निसटू शकतं. आजचं उदाहरण आहे चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाऊस'.

मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात ही कादंबरी दर महिन्याला थोडी थोडी छापून येत होती. आजच्या वेब सिरीजसारखीच, पुढच्या भागाची वाट बघायची. सुरुवातीलाच लंडनचं धुकं येतं. नदीवर, जहाजांवर, म्हाताऱ्यांच्या घशात. आपल्याला वाटतं, चला, वातावरणनिर्मिती झाली. पण मग डिकन्स सांगतो, धुकं सगळ्यात दाट कुठे, तर चॅन्सरी कोर्टापाशी. आणि त्याच्या ऐन मध्यावर बसलेत लॉर्ड चॅन्सेलर!

कोडमध्ये एका व्हेरिएबलला एका वेळी एकच व्हॅल्यू असते. इथे धुक्याला दोन आहेत. एक खरं धुकं, कारण तेव्हा लंडनच्या घराघरांत कोळसा जळायचा. दुसरं कायद्याचं. मृत्युपत्रं, ट्रस्ट, इस्टेटी यांचे दावे या कोर्टात वर्षानुवर्षं अडकायचे. कादंबरीतला जार्न्डिस दावा पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि शेवटी संपतो, कारण सगळी इस्टेट खर्चातच गेलेली असते.

ही अतिशयोक्ती वाटते ना? प्रस्तावनेत डिकन्सने एका खऱ्या दाव्याचा दाखला दिलाय. जवळपास २० वर्षं चाललेला, ७०,००० पौंड खर्च झालेला, तरी निकाल दूरच. त्याने स्वतःही हे भोगलं होतं. १८४४ मध्ये 'अ ख्रिसमस कॅरल'ची नक्कल छापणाऱ्यांवर त्याने याच कोर्टात दावा लावला. जिंकलाही! पण समोरच्यांनी दिवाळं काढलं आणि सुमारे ७०० पौंडांचा खर्च त्याच्याच गळ्यात पडला.

आता गंमत बघा. कादंबरीत क्रुक नावाचा एक भंगारवाला आहे. दुकानात जुन्या कागदांचे ढीग, काहीच बाहेर जात नाही. म्हणून शेजारी त्याला 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणतात. एके दिवशी हा माणूस आपोआप जळून जातो! जॉर्ज हेन्री लुईस या समीक्षकाने आक्षेप घेतला की माणूस असा पेट घेऊच शकत नाही. डिकन्स मात्र हे शक्य आहे म्हणून अडून बसला. विज्ञानाच्या बाजूने लुईस बरोबर होता. पण रूपक म्हणून वाचलं की अर्थ लख्ख दिसतो: कुजलेली व्यवस्था बाहेरच्या काडीची वाट बघत नाही, आतूनच पेटते.

एका कादंबरीने कोर्ट बदललं असं मी म्हणणार नाही. चॅन्सरीच्या कामकाजात सुधारणा करणारा कायदा १८५२ मध्येच आला होता. पुढे १८७३ च्या कायद्यानुसार १८७५ पासून चॅन्सरीचं वेगळं कोर्टच उरलं नाही. पण कायद्याची कलमं आज किती जणांना आठवतात? धुकं आठवतं.

आपल्याकडेही म्हणतातच, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. इथे पायरी म्हणजे दगडी पायरी नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागतं का? डिकन्सचं धुकंही तसंच वाचा. भेटू पुढच्या भागात!