खांब दिसतो, तार दिसत नाही

१/ लालबाग-परळच्या गिरण्या प्रारंभी वाफेवर चालत. १९१० साली स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची खोपोली येथील जलविद्युत १९१५ साली मुंबईत पोहोचली आणि गिरण्यांना नवी शक्ती मिळाली. घाटातल्या पाण्याची ही वीज उंच मनोऱ्यांवर ताणलेल्या तारांनी शहरापर्यंत आली. तेव्हा हेलिकॉप्टर प्रत्यक्ष वापरात आलेच नव्हते.

२/ पुढे गिरगाव ते दादर या पट्ट्यात घरोघरची वीज भूमिगत केबलींतून जाऊ लागली. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र ती खांबांवरील उघड्या तारांनीच गेली. त्यामुळे महालक्ष्मी रेसकोर्सवरून उडालेले हेलिकॉप्टर गावाकडे उतरते, तेव्हा त्याच्याभोवतीचा धोका बदललेला असतो.

३/ २५ मे २०१७. लातूर जिल्ह्यातील निलंगा. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन सिकोर्स्की हेलिकॉप्टर उडाले. काही क्षणांतच ते खाली येऊ लागले आणि विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सर्वजण बचावले.

४/ तार इतकी घातक का? वैमानिकाला खांब दिसतो. दोन खांबांमधली बारीक, करडी तार शेताच्या किंवा आकाशाच्या रंगात विरून जाते. समोरून ऊन असेल तर ती जवळ येईपर्यंत दिसतच नाही. म्हणून वीजवाहिनी ओलांडायची ती मनोऱ्याच्या माथ्यावरून, असा वैमानिकांचा संकेत आहे.

५/ त्यात मे महिन्याचे ऊन. तापलेली हवा विरळ होते, पात्यांना मिळणारी उचल घटते आणि इंजिनाची शक्तीही कमी पडते. भरलेले हेलिकॉप्टर अशा वेळी सावकाश वर चढते. नेमकी हीच उंची तारांची असते.

६/ कॅनडात १९७०च्या दशकात तार कापणारी पाती विकसित झाली. ती हेलिकॉप्टरच्या नाकाच्या वर-खाली बसवतात. परंतु तार समोरून आणि पुरेशा वेगात आली, तरच ती कापली जाते. उड्डाणाच्या संथ क्षणी, बाजूने किंवा मागून लागलेल्या तारेपुढे ही पाती निरुपयोगी ठरतात. मोठ्या वाहिन्यांवर रंगीत गोळे लावतात. गावातल्या साध्या तारेवर ते क्वचितच असतात.

७/ म्हणून खरे संरक्षण जमिनीवरच होते. तात्पुरते हेलिपॅड आखताना केवळ सपाट मैदान पाहून भागत नाही. येण्याजाण्याच्या मार्गातली प्रत्येक तार आधी पायी फिरून पाहावी लागते. निलंग्यात सारे वाचले, म्हणून ही पाहणी ऐच्छिक ठरत नाही.