कोंबडी आणि चीज : आहारमूल्य मोजण्याचा इतिहास

कोंबडीचे मांस आणि चीज हे दोन्ही प्राणिज प्रथिनांचे उत्तम स्रोत आहेत. शंभर ग्रॅममागे प्रथिने किती, स्निग्धांश किती, कॅल्शियम किती, अशा आकड्यांत आज त्यांची तुलना होते. आकड्यांची ही पद्धत दोनशे वर्षांपेक्षाही कमी जुनी आहे. या काळात शास्त्रज्ञांनी आधी नायट्रोजन मोजला, मग उष्मांक, मग अमिनो आम्ले आणि खनिजे. मोजमाप बदलले तसा या दोन पदार्थांचा एकमेकांच्या तुलनेतला क्रमही बदलत गेला. त्यामुळे आजचे आकडे नीट समजण्यासाठी ते कोणत्या प्रश्नांतून जन्मले हे पाहावे लागते.

मोजणीपूर्वीचा काळ

रसायनशास्त्राच्या आधी अन्नाची पारख त्याच्या शरीरावरील परिणामांवरून होत असे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा विस्तृत विचार आहे. त्यात कोंबड्याचे मांस स्निग्ध, उष्ण, बल देणारे आणि वातहर मानले आहे. दूध फाटल्यावर उरणाऱ्या घट्ट भागापासून होणाऱ्या किलाटासारख्या पदार्थांचाही तेथे विचार आहे. ते पचायला जड, पण पुष्टी देणारे असून ज्यांचा जठराग्नी प्रदीप्त आहे त्यांना मानवतात, असे सांगितले आहे. म्हणजे दोन्ही पदार्थ बृंहण, शरीर भरणारे. पण कोणी, केव्हा आणि किती खावेत हे खाणाऱ्याच्या पचनशक्तीवर ठरे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात उकळत्या दुधात आंबट पदार्थ घालून ते नासवण्याची आणि त्या चोथ्यापासून गोड पदार्थ करण्याची कृती आहे. दूध घट्ट करून खाण्याची परंपरा दख्खनच्या राजदरबारात तेव्हा रुळलेली होती, हे त्यावरून दिसते.

युरोपात चीजचा मुख्य उपयोग दूध टिकवण्यासाठी होता. वासराच्या जठरातील रेनेट घालून दूध विरजवायचे, निवळी काढून टाकायची, गोळा दाबून व मीठ लावून मुरवायचा, की उन्हाळ्यातले दूध हिवाळ्यापर्यंत टिकत असे. साधारण दहा लिटर दुधापासून एक किलो कठीण चीज मिळते. निवळीबरोबर दुधातील बहुतेक साखर निघून जाते. केसीन हे प्रथिन, स्निग्धांश आणि कॅल्शियम गोळ्यात राहतात. कोंबडी मात्र मुख्यतः अंड्यांसाठी पाळली जाई. अंडी देणे थांबलेली कोंबडी किंवा जास्तीचा कोंबडा, एवढ्यांचेच मांस ताटात येई. म्हणून बहुतेक समाजांत कोंबडी ही पाहुणचाराची आणि आजाऱ्याच्या पथ्याची वस्तू होती, रोजच्या पोषणाची नव्हे.

नायट्रोजनचा मापदंड

१८३८ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ गेरिट मुल्डर याने अंड्यातील पांढरा भाग, रक्त अशा पदार्थांतील नायट्रोजनयुक्त घटकांसाठी ‘प्रोटीन’ हे नाव वापरले. ते स्वीडिश शास्त्रज्ञ बर्झेलियस याने सुचवले होते. जर्मनीतील युस्टुस फॉन लीबिग याने हा विचार पुढे नेला. स्नायूंचे काम प्रथिनांच्या खर्चाने चालते आणि म्हणून अन्नाची किंमत त्यातील नायट्रोजनवर ठरते, असे त्याचे म्हणणे होते. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनुस या शास्त्रज्ञांनी प्रथिनरहित जेवण करून आल्प्समधील फाउलहॉर्न शिखर सर केले आणि लघवीतील नायट्रोजन मोजून हे मत खोडून काढले. तरीही नायट्रोजनचे महत्त्व टिकले.

१८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल याने नायट्रोजन मोजण्याची सोपी रीत शोधली. तिच्यामुळे कोणत्याही अन्नातील प्रथिने अंदाजणे शक्य झाले. मांसातील नायट्रोजनला ६.२५ ने आणि दुधाच्या पदार्थांतील नायट्रोजनला ६.३८ ने गुणायचे, हा प्रघात आजही चालू आहे. या मापाने कोंबडी आणि चीज जवळजवळ बरोबरीचे ठरले. लीबिगच्या काळातील रसायनशास्त्राला तर स्नायूतील आणि दुधातील प्रथिने मूलतः एकच वाटत होती.

उष्मांकांचा मापदंड

दुसरा प्रश्न ऊर्जेचा होता. अमेरिकेतील विल्बर अॅटवॉटर याने माणसाला बंद कक्षात ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. प्रथिने व कर्बोदके यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, हे गणित त्याच्याच कामातून आले. १८९६ मध्ये अमेरिकी शेती खात्याने त्याचे अन्नघटकांचे विस्तृत कोष्टक प्रसिद्ध केले. स्वस्तात जास्तीत जास्त पोषण कशातून मिळेल, हा त्यामागचा व्यवहारी प्रश्न होता आणि कामगारांच्या तुटपुंज्या मजुरीत घर कसे चालावे याची काळजी त्यात होती. ऊर्जेच्या या हिशेबात स्निग्धांशाने भरलेले चीज कोंबडीच्या कितीतरी पुढे गेले.

महायुद्धांनी या गणिताला सरकारी धोरणाचे रूप दिले. पहिल्या महायुद्धात मांस सैन्यासाठी वाचावे म्हणून अमेरिकी शेती खात्याने भित्तिपत्रके काढून लोकांना मांसाऐवजी कॉटेज चीज खाण्याचे आवाहन केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून चीजवर रेशन आले. शेतमजुरांसारख्या कष्टाची कामे करणाऱ्यांना त्याचा वाटा जास्त मिळे, आणि मांसाचा हिस्सा सोडणाऱ्या शाकाहारींना त्याच्या बदल्यात जादा चीज दिले जाई. मांस आणि चीज एकमेकांची जागा घेऊ शकतात, हे सरकारने अशा रीतीने कायद्याने मान्य केले.

प्रथिनांची प्रत

सर्व प्रथिने सारखी नसतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. कनेटिकटमध्ये थॉमस ऑस्बर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी उंदरांना एकेकच प्रथिन खाऊ घातले. मक्यातील झाइनवर उंदीर खंगत, दुधातील केसीनवर वाढत. खाल्लेल्या प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे वजन किती वाढते, हे माप त्यांनी रूढ केले. पुढे प्रयोगशाळांत इतर प्रथिनांची तुलना केसीनशी होऊ लागली. म्हणजे कोंबडीच्या मांसाची परीक्षा ज्या मापाने झाली, ते चीजचेच मुख्य प्रथिन होते. १९३५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील विल्यम रोझ याच्या प्रयोगशाळेत थ्रिओनीन हे अमिनो आम्ल सापडले आणि शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी अमिनो आम्ले कोणती, याची यादी पूर्ण होत आली. कोंबडी आणि चीज या दोहोंत ती सर्व आहेत. केसीनमध्ये गंधकयुक्त अमिनो आम्ले थोडी कमी असली, तरी माणसाच्या गरजेच्या मानाने दोन्ही प्रथिने पूर्ण प्रतीची आहेत.

भारतातील कोष्टके

भारतात ही मोजणी निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन संस्थेत सुरू झाली. तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन याने १९२० च्या दशकात उंदरांच्या गटांना भारतातील वेगवेगळ्या लोकांचे आहार दिले. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळी, भाज्या व अधूनमधून मांस असलेला शिखांचा आहार त्यात सर्वांत सरस ठरला. त्याखालोखाल पठाणांचा आणि मग मराठ्यांचा आहार आला. तांदळावर जास्त भर असलेले आहार मागे पडले. १९३५ मध्ये वॉलेस आयक्रॉइड या संस्थेचे संचालक झाले आणि १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. त्यांच्यानंतर डॉ. वि. ना. पटवर्धन यांनी संस्थेची धुरा सांभाळली. पुढे संस्था हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

डॉ. सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केलेल्या आवृत्तीतील आकडे बोलके आहेत. शंभर ग्रॅम कच्च्या कोंबडीत प्रथिने २५.९ ग्रॅम, स्निग्धांश ०.६ ग्रॅम, कॅल्शियम २५ मिलिग्रॅम आणि ऊर्जा १०९ किलोकॅलरी. तेवढ्याच चीजमध्ये प्रथिने २४.१ ग्रॅम, स्निग्धांश २५.१ ग्रॅम, कॅल्शियम ७९० मिलिग्रॅम आणि ऊर्जा ३४८ किलोकॅलरी. प्रथिनांचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण कोंबडीत ७२ टक्के आणि चीजमध्ये ४० टक्के पाणी आहे. ऊर्जेच्या हिशेबाने पाहिले, तर शंभर किलोकॅलरीमागे कोंबडीतून सुमारे २४ ग्रॅम आणि चीजमधून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. उलट एक तुकडा चीज जेवढे कॅल्शियम देते, तेवढे कोंबडीतून मिळवणे व्यवहारात अशक्यच आहे.

प्रथिनांचा प्रश्न आणि सुखात्मे

१९६० च्या दशकात जगभर ‘प्रथिनांची तूट’ हा शब्दप्रयोग गाजत होता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन संकटावर अहवाल काढला. या मताला आव्हान देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते संचालक होते. ज्याचे पोट अर्धे रिकामे आहे, त्याने खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळते. म्हणून गरिबांची पहिली गरज पुरेशा अन्नाची आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाकरी-डाळीचे जेवण पोटभर मिळाले, तर बहुतेक प्रौढांची प्रथिनांची गरजही भागते, हा त्याचा अर्थ. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनीही ‘लॅन्सेट’मध्ये या संकटकल्पनेवर कठोर टीका केली. कोंबडी श्रेष्ठ की चीज, या वादापेक्षा ताट भरलेले आहे की नाही हा प्रश्न मोठा आहे, याची जाणीव या चर्चेने करून दिली. मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे सुखात्मे यांचे हे योगदान आहे.

ताटातला बदल

विसाव्या शतकात दोन्ही पदार्थ सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले. १९२३ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सेसिल स्टील या शेतकरी स्त्रीने मांसासाठी पिल्ले वाढवून विकली आणि त्यातून तेथील ब्रॉयलर व्यवसाय उभा राहिला. भारतात १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे पुणे हे या व्यवसायाचे मोठे केंद्र बनले. गावरान कोंबडीची जागा सहा-सात आठवड्यांत वाढणाऱ्या ब्रॉयलरने घेतली. या कोंबडीत, विशेषतः कातडी व मांडीत, चरबी जास्त असते. म्हणून जुन्या कोष्टकातला ०.६ ग्रॅमचा आकडा तिला लागू पडत नाही. चीज भारतात रुजले ते सहकारी दुग्धव्यवसायामुळे, विशेषतः आणंदच्या अमूलमुळे. सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या रेनेटमुळे ते शाकाहारींनाही चालू लागले. पनीर हा मात्र वेगळा पदार्थ आहे. ते तापलेल्या दुधात आम्ल घालून बनते आणि मुरवले जात नाही. आम्लाने काही कॅल्शियम निवळीत जाते, त्यामुळे कॅल्शियमच्या बाबतीत ते कठीण चीजच्या मागे राहते.

आजचा निष्कर्ष

आजच्या मोजमापांनुसार कातडी काढून शिजवलेल्या कोंबडीच्या शंभर ग्रॅम छातीच्या मांसात सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने, साडेतीन ग्रॅम स्निग्धांश आणि १६५ किलोकॅलरी असतात; नायसिन आणि ब-६ ही जीवनसत्त्वेही त्यात भरपूर आहेत. शंभर ग्रॅम चेडर चीजमध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, ३३ ग्रॅम स्निग्धांश, ४०० किलोकॅलरी आणि ७०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. अ व ब-१२ जीवनसत्त्वे आणि जस्त यांत चीज सरस आहे, पण त्यात संपृक्त स्निग्धांश आणि सोडियमही बरेच असते. प्रौढ भारतीयाला दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे. वजन आटोक्यात ठेवून प्रथिने हवी असतील, तर कोंबडी उजवी. कॅल्शियम आणि थोडक्यात जास्त ऊर्जा हवी असेल, तर चीज उपयोगी. मात्र उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ते बेतानेच खावे. ज्यांना दोन्ही नको असतील, त्यांना डाळींतून प्रथिने आणि नाचणीतून कॅल्शियम मिळते.