वायूला वाट: बोल्ट रायफलीची कुळकथा

बोल्ट रायफलीच्या घराण्याची सुरुवात गळक्या बंदुकीपासून झाली. प्रशियाने 1841 मध्ये स्वीकारलेल्या ड्रायझेच्या सुईबंदुकीत काडतूस कागदाचे असे. बार उडाला की नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टच्या सांध्यातून तप्त वायू मागे सुटे. तोंड भाजू नये म्हणून कित्येक सैनिक कमरेवरूनच गोळी झाडत. फ्रान्सच्या शास्पोने 1866 मध्ये बोल्टच्या टोकाला रबराची चकती बसवली, पण ती जळून चिरे. खरा इलाज पितळी काडतुसाने केला. दाब वाढताच पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि मागची वाट बंद होते.

1886 च्या फ्रेंच लेबेल रायफलीपासून धूरविरहित दारू आली, दाब कितीतरी वाढला, आणि पितळाच्या मर्यादा उघड्या पडल्या. काडतुसाचे बूड फाटले किंवा त्यातली दारू पेटवणारी टोपी भेदली गेली, की वायू बोल्टमध्ये शिरतो. आणि बोल्टच्या मागे नेमबाजाचा डोळा असतो. जर्मन सैन्याच्या 1888 च्या रायफलीबद्दल अशा तक्रारी आल्या.

ओबर्नडॉर्फच्या पाउल माउझरने यावर जे उत्तर काढले ते 1898 च्या रायफलीत पूर्णत्वाला गेले. वायू अडवण्याच्या भरीस न पडता त्याने त्याला वाट करून दिली. टोपीतून फायरिंग पिनच्या भोकात शिरलेला वायू बोल्टच्या पुढच्या भागातल्या दोन लांबट छिद्रांतून रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या, डाव्या खोबणीत जातो. खोबणीतून मागे येताना त्याला रिसीव्हरच्या डाव्या भिंतीतली, काडतुसे अंगठ्याने दाबून भरण्यासाठी ठेवलेली खाच मिळते. बराचसा वायू तिथूनच बाहेर पडतो. उरलेल्याला बोल्टच्या शेपटाकडची रुंद कड बाजूला वळवते. बोल्टचे पुढचे दोन दाते तुटलेच, तर तो धरायला मागे तिसरा दाता आहे. या बाबतीत तिच्या काळातली दुसरी कोणतीही रायफल इतकी विचारपूर्वक घडवलेली दिसत नाही.

अमेरिकेच्या 1903 च्या स्प्रिंगफील्डने माउझरची रचना घेतली, पण शेपटाची रुंद कड घेतली नाही. शिवाय नळीचे मागचे तोंड शंकूसारखे ठेवल्याने काडतुसाच्या बुडाला आधार कमी मिळाला. त्यात सुरुवातीचे रिसीव्हर ठिसूळ निघाले: लोखंड किती तापले हे कारागीर नुसत्या डोळ्यांनी ठरवत, आणि उन्हाच्या प्रकाशात तो अंदाज चुके. 1917 मध्ये काही रायफली फुटल्यावर तपास झाला आणि पोलादावरची प्रक्रिया बदलण्यात आली. पुढे ज्युलियन हॅचर यांच्या नावाने ओळखले जाणारे वायूचे छिद्र रिसीव्हरच्या डाव्या बाजूस पाडले जाऊ लागले.

1948 च्या रेमिंग्टन 721 ने उलट बाजूने विचार केला. बोल्टच्या तोंडाची कड काडतुसाचे बूड चहूबाजूंनी वेढते, बोल्टचे टोक नळीत बसते, आणि त्याभोवती रिसीव्हरचे कडे येते. पोलादाची ही तीन वलये फाटलेल्या बुडाला जागीच धरून ठेवतात. पुढे 1962 च्या रेमिंग्टन 700 मध्येही हीच रचना आली.